शेळीला वारा लागतो

घरात तिला शेळी म्हणत. सत्त्याण्णव सीसीचं इंजिन, गुडघे घासून टाकीचा लाल रंग दोन्ही बाजूंनी उडालेला, आणि हॉर्न दाबला की खुंट्याला बांधलेल्या शेळीसारखा ‘मेंऽ’ असा केविलवाणा आवाज. मोटरसायकलीचं हे नाव थोरल्यानं ठेवलं. चेष्टेत ठेवलं, पण चेष्टेतलीच नावं अंगाला चिकटतात. पाठच्या भावाचं ‘होयबा’ हे नावही त्याचंच देणं. पस्तीस वर्षं झाली, अजून निघालं नाही. होयबानं ते काढून टाकायचा प्रयत्न केला, असंही कुणी पाहिलं नव्हतं.

शेळी घेतली ती होयबाच्या बायकोच्या कामासाठी. घरात ती धाकटी, बाहेर लसवाली. चौदा वस्त्यांवरच्या कोंबड्यांना मानमोडीची लस देत फिरायची. हा रोग आला की कोंबडी मान पिरगाळून स्वतःभोवती गोल फिरते आणि दोन दिवसांत आडवी होते. एक गेली की खुराडंच जातं. रोग यायच्या आधी लस द्यायची, तीन आठवड्यांनी पुन्हा द्यायची, एवढाच त्याच्यावर इलाज.

लस बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. कोंबड्या हाताला लागतात त्या पहाटे, खुराड्यात असताना. एकदा मोकळ्या झाल्या की त्या मालकिणीलाही ओळख देत नाहीत. म्हणून वस्त्यांवर एक रीत पडून गेली होती. ठरल्या दिवशी धाकटी वस्तीअलीकडच्या ओढ्याच्या फरशीपुलावर हॉर्न वाजवायची. तो ऐकला की बायका खुराड्याला पाठ लावून बसायच्या. आणि उन्हं अंगणात उतरेपर्यंत तो ऐकू आला नाही, तर ‘आज काही येत नाही बाई’ म्हणून खुराडं उघडून मोकळ्या व्हायच्या. पत्र्याखाली कोंबड्या किती वेळ गुदमरत ठेवणार? घड्याळाला या व्यवहारात कुणी विचारत नव्हतं. विचारायचं ते शेळीला.

कागदावर मालक थोरला. गाडी घ्यायच्या दिवशी घरात ज्याच्या सहीला वजन होतं, त्याची सही झाली. “सही कुणाची का असेना, बसायचंय तर तुलाच,” होयबा तेव्हा म्हणाला. त्यानं आयुष्यात केलेलं हे एकच भाकीत. ते पाच वर्षं टिकलं, म्हणजे त्याच्या मानानं पुष्कळच टिकलं.

गाडी ती तळ्याच्या कोरड्या पोटात शिकली. तिथं आदळायला भिंत नव्हती आणि हसायला माणसं नव्हती. पहिले दोन दिवस नव्हती. तिसऱ्या दिवशी काठावर वीस-पंचवीस जण बसले. थोरलाही होता. तो तिच्याशी थेट बोलत नसे. ती लग्न होऊन आल्यापासून बोलला नव्हता. जे सांगायचं ते तिच्यासमोर उभं राहून स्वतःच्या बायकोला सांगायचा. “तिला म्हणावं, ब्रेक उजव्या पायाला असतो. डाव्या पायानं माती उकरून गाडी थांबत नाही.” थोरली मान वळवून धाकटीला म्हणायची, “ऐकलंस ना?” ऐकलेलं असायचंच.

पण एकदा हात बसल्यावर तिला जे सापडलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

पहाटे चोक ओढायचा, दोन किका हलक्या मारायच्या, तिसरी मनापासून. शेळी खोकायची, एकदा शिंकायची आणि मग एका लयीत बोलायला लागायची. पहिल्या गिअरला कुरकूर, दुसऱ्याला तक्रार, तिसऱ्याला मात्र खूश. ओढ्याच्या फरशीवर रात्रीचा गारवा साठून राहिलेला असे. त्यात गाडी घातली की बाह्यांतून वारा शिरून पाठीवर फुगायचा, आणि गोठा-चूल-धुणं सगळं अंगावरून उडून मागं पडल्यासारखं वाटायचं. चाळीसला गाडी गात असे. पन्नासला तिचे दात वाजत. धाकटी पंचेचाळीसवर ठेवायची, म्हणजे गाणंही आणि थोडी भीतीही.

आणि ती बोलायची. घरात गिळलेलं प्रत्येक उत्तर ती इथं द्यायची, मोठ्यानं, डोळ्यांत वाऱ्यानं पाणी येईपर्यंत. “अन्न खाली लागलं म्हणे! मग आपल्या हातानं घ्या की ढवळून!” पुढच्या वळणावर पुन्हा थोरल्यालाच, “माहेरचं काय काढता? तुमचं सासर बघितलंय आम्ही!” दगडी पुलापाशी नवऱ्याची पाळी यायची. “अहो, एकदा तरी नाही म्हणा! जीभ झडते का काय तुमची?” इंजिनाच्या आवाजात तिचं तिलाच नीट ऐकू येत नसे. घरी पोचेपर्यंत भांडण जिंकून झालेलं असायचं, मग ती गुमान भांडी घासायला बसायची. थोरली म्हणायची, “ही गाडीवर गेली की स्वभावानं किती निवळते बाई.” खरं होतं. घरातली शांतता बरीचशी त्या सत्त्याण्णव सीसीवर उभी होती. फक्त ते कुणाला माहीत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात वस्तीला वीज देणारा डीपी जळाला.

दुपारी आवाज झाला, खांबावरून काळा धूर निघाला आणि विहिरीवरची मोटार मुकी झाली. वायरमन आला, खांबाकडं बघून त्यानं टोपी मागं सारली. “पंधरा दिवस धरून चाला.”

“पंधरा?” थोरला म्हणाला. “अरे, जाळीखाली चाळीस हजार रोपं आहेत माझी. मिरची आणि टोमॅटो. विसाव्या दिवशी लोक न्यायला येणार.”

“मग विसाव्या दिवशी द्या की. मी काय रोपं नेऊ नका म्हणतोय?”

विहिरीत पाणी होतं, हीच खरी चीड. खाली दिसत होतं आणि वर येत नव्हतं. तीन दिवस चौघांनी घागरी आणि डबे वाहिले. थोरल्याचा खांदा सुजून कानाला लागला. थोरलीच्या तळहातांवर दोरीनं लाल रेघा ओढल्या. चाळीस हजार रोपांना दीडशे खेपा लागत. त्या होईपर्यंत पहिल्या ट्रेमधली माती पुन्हा पांढरी पडायची. थोरल्याला काही सुचत नव्हतं, असं मात्र नाही. चौथ्या दिवशी तो वेल्डरकडून एक लोखंडी सांगाडा घेऊन आला. गाडी डबल स्टँडवर लावायची, मागचं चाक एका रुळाला टेकवायचं, रुळावरून पट्टा आणि पट्ट्यावर पंप. गाडी जागच्या जागी धावणार, पाणी वर येणार. डोकं खरंच चांगलं चालवलं होतं. फक्त गाडी विचारून घेतली नव्हती.

“तिला म्हणावं,” थोरला थोरलीला म्हणाला, “पहाटे दोन तास. मग दिवसभर तिचीच आहे.”

धाकटीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. “ताई, पहाटेच तर माझं काम असतं. पंप संध्याकाळी लावता येणार नाही का?”

“संध्याकाळी ओल राहिली की रोप मुळात कुजतं,” थोरला थोरलीला म्हणाला. “रात्रभर झिरपा साठतो तो पहाटेच उपसायचा. हे तिला कळत नसेल तर सांग.”

“कळतं,” धाकटी म्हणाली. “पण कोंबड्यासुद्धा पहाटेच—”

“कोंबड्या!” थोरला हसला. “ऐकलं का रे? एका बाजूला चाळीस हजार रोपं आणि एका बाजूला लोकांच्या कोंबड्या. काय करायचं?”

होयबानं बायकोकडं पाहिलं, मग भावाकडं पाहिलं. त्याची मान दोन्ही बाजूंना हलली आणि भावाच्या बाजूला थांबली. “होय, म्हणजे... आधी रोपं.”

पहिल्या दिवशी पाणी धो धो आलं. थोरली चरात पाय सोडून बसली आणि लहान पोरीसारखी हसली. धाकटी मात्र इंजिनाकडं बघत होती. शेळी तिसऱ्या गिअरमध्ये ओरडत होती, चाक गरगर फिरत होतं आणि समोरचं झुडूप जिथं होतं तिथंच होतं. अर्ध्या तासात इंजिनावरून करपट वास यायला लागला.

“अहो, बंद करा. तापली.”

“दादा म्हणतात तापू दे,” होयबा म्हणाला. ॲक्सिलेटर धरायचं काम त्याच्याकडं होतं. त्याला गाडी चालवता येत नव्हती. पण पिळायला येत होती.

“तिला वारा लागतो. चालली की समोरून वारा येतो, त्यानं इंजिन गार राहतं. उभी ठेवून इतकी पळवली तर मरेल.”

थोरल्याला ही फार मोठी गंमत वाटली. “अगं, ऐकलंस का? गाडी एका जागी उभी राहून दमते म्हणे! मग तिला म्हणावं, घाल वारा.”

तो चेष्टेत म्हणाला होता. पण पंधरा मिनिटांनी वास वाढला तसा त्यालाही तो आला, आणि मग ते चेष्टेत राहिलं नाही. धाकटी सूप घेऊन इंजिनापाशी उकिडवी बसली आणि वारा घालायला लागली. दोन तास. एका हातानं दमली की दुसऱ्या हातानं. पावलांवर गरम तेलाचे बारीक थेंब उडत होते. रस्त्यानं जाणारे थांबून बघत. किराणावाला आठवड्यासाठी बाहेरगावी निघाला होता, त्यानं वस्तीतली दुसरी आणि शेवटची मोटरसायकल मुद्दाम थांबवली. “काय वहिनी, बाळंतीण आहे का?”

धाकटीनं सुपाचा हात बदलला. उत्तर द्यायची जागा तिच्यासमोरच स्टँडवर बांधलेली होती.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी थोरलीच मध्ये पडली. “तिचंही काम आहे हो. सोमवार आणि गुरुवार तिला द्या. त्या दिवशी आपण वाहू पाणी. हातानं.” थोरल्यानं सुजलेला खांदा चोळला आणि कबूल केलं. “सोमवार, गुरुवार. तिला सांग, परत आल्यावर तिच्याही वाटच्या खेपा.”

सोमवारी पहाटे धाकटीनं रुळावरून गाडी उतरवली. मागच्या टायरवर रुळानं मधोमध चकाकी आणली होती. तिसऱ्या किकला शेळी शिंकली आणि बोलायला लागली. आवाजात थोडी खरखर होती, पण ओढ्याच्या फरशीवर गारवा लागला तशी ती खरखरही विरली. धाकटीनं गाडी पंचेचाळीसवर नेली. मग पन्नासवर नेली. शेळीचे दात वाजले, तिचेही वाजले. आठवडाभराचं साचलं होतं. “सूप घेऊन बसवता मला? मला?” ती ओरडली. “चाळीस हजार रोपं! आणि एक माणूस नाही मोजता येत तुम्हाला?” ती इतक्या जोरात ओरडली की शेवटी तिचं तिलाच हसू आलं. हॅन्डल दोन्ही हातांत थरथरत होतं, रस्ता पोटाखालून सरकत होता, आणि गाडी नुसती जात होती, जात होती. पाणी उपसायला नाही, कुणाच्या हुकमानं नाही.

त्या दिवशी तिनं दोन वस्त्या उरकल्या. परतताना टेकाडाखाली अंडीवाल्या आजीकडं थांबली. आजीच्या बहात्तर कोंबड्या होत्या आणि कोंबड्यांखेरीज दुसरं काही नव्हतं. एक मुलगा होता. तो पत्रं पाठवायचा, तीही आता बंद झाली होती.

“ओढ्यापलीकडं आली गं मानमोडी,” आजी म्हणाली. “तिकडच्या उकिरड्यावर कावळे बघ केवढे जमलेत. माझा दुसरा डोस कधी?”

“गुरुवारी. पहाटे. खुराडं उघडू नका.”

“मी उघडीन होय? तुझ्या शेळीचा आवाज आल्याशिवाय हात लावत नाही कडीला. मागच्या वेळी ती पोरं टिंगल करत होती, म्हातारी शेळीची वाट बघत बसते म्हणून.” आजीनं तिच्या ओंजळीत दोन अंडी ठेवली. “फुटतील गाडीवर, हळू जा.” ती हळू गेली नाही, पण अंडी फुटली नाहीत.

बुधवारी पहाटे तिनं दोन तास वारा घातला आणि दुपारी जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात लस आणि बर्फ आणायला गेली.

त्या दुपारी गरम वारा सुटला. जाळीखालची रोपं बघता बघता माना टाकायला लागली. थोरला ट्रेमधून वाकून फिरत होता आणि प्रत्येक रोपाला शिवी देत होता, मायेनं. शेवटी तो बाहेर आला. “लाव रे गाडी. विहिरीत गुडघाभर आहे अजून.”

“ती नाही ना इथं,” होयबा म्हणाला. “वारा कोण घालणार?”

“एक दिवस बिनवाऱ्याची चालेल. तू पीळ.”

होयबानं पिळलं. पाऊण तास झाला. इंजिन रसरसलेल्या तव्यासारखं झालं, धुराची एक बारीक रेघ वर चढली आणि आवाज जाडा होत गेला.

“दादा, फार तापली.”

थोरल्यानं चरातून मान वर केली. आयुष्यभर त्यानं बैल राखले होते, आणि चांगले राखले होते. नांगरून तापलेल्या बैलाच्या पाठीवर पाणी ओतलं की तो कसा अंग थरथरवतो आणि सुखानं डोळे मिटतो, हे त्यानं हजार वेळा पाहिलं होतं. त्यानं बादली भरली.

होयबा त्याच्याकडं तोंड करूनच बसला होता. बायकोनं त्याला पहिल्याच वर्षी बजावलं होतं, तापलेल्या इंजिनावर पाणी मारायचं नाही, धुवायची ती गार झाल्यावर. त्यानं तोंड उघडलं. “दादा, पाणी...”

“काय?”

“काही नाही.”

थोरल्यानं बादली ओतली, एका दमात. वाफेचा लोट उठला. त्यात एक आवाज झाला, फार मोठा नाही. दगडावर बशी आपटावी इतकाच. शेळी एकदा आचकली आणि थांबली. पंपातून थोडं पाणी आलं, मग नुसती हवा आली.

“झाली बघ थंड,” थोरला म्हणाला.

संध्याकाळी धाकटी बर्फाचा डबा खांद्याला लावून आली तेव्हा गाडी छपरात उभी होती. होयबानं ती पुसून लख्ख केली होती. आरसासुद्धा पुसला होता. तेवढ्यावरूनच तिला कळलं. तिनं किकवर पाय ठेवून भार दिला. दगडावर पाय दिल्यासारखी किक जागची हलली नाही. मग ती खाली बसली आणि इंजिनावरच्या पट्ट्यांवरून बोट फिरवत गेली. एका जागी बोट अडकलं. चीर होती, वरपासून खालपर्यंत.

“कुणी?”

थोरली हळू आवाजात म्हणाली, “गार व्हावी म्हणून ओतलं गं पाणी. चांगल्यासाठीच.”

किराणावाला अजून परतला नव्हता. जीप सकाळी नऊनंतर. होयबा म्हणाला, “मी येऊ का डबा धरायला?” आणि थोरला जाळीतून म्हणाला, “उद्या खेपांना माणूस लागेल. पंप गेला ना.” होयबा म्हणाला, “होय, तेही आहेच.”

अकरा किलोमीटर. धाकटी पहाटे चांदणी असताना निघाली. रस्ता गाडीवरून तिला पाठ होता, पण तो वेगळा रस्ता होता. गाडीवर जे चढ कधी जाणवलेच नव्हते ते पोटऱ्यांना सापडत होते. डब्याचा पट्टा एका खांद्यात रुतला की दुसऱ्या खांद्यावर. चपलेचा अंगठा तुटला, तिथं तिनं पदराची चिंधी बांधली. सगळा वेळ ती जवळजवळ पळत होती आणि तोंडातून एक शब्द निघत नव्हता. बोलायला श्वास उरला नव्हता.

फरशीवर पोचली तेव्हा उन्हाची धार टेकाडाच्या माथ्यावर होती. वस्ती अजून अर्धा किलोमीटर. इथंच हॉर्न वाजायचा. तिनं तोंडाभोवती हात धरून हाक मारली. “आऽजी! आलेऽ!” आवाज ओढ्यातच पडला. तिनं मागंपुढं पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग चौदा वस्त्यांची लसवाली फरशीच्या मधोमध उभी राहिली, पोटातून श्वास ओढला आणि ओरडली, “मेंऽऽ!”

बांधावर चरणाऱ्या एका खऱ्याखुऱ्या शेळीनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं, आणि पुन्हा चरायला लागली.

ती धावली. वळण घेतल्यावर दिसलं. कोंबड्या उकिरड्यावर, छपरावर, पार टेकाडाच्या काट्यांपर्यंत पांगलेल्या. आजी दारात उभी होती.

“आवाजच आला नाही गं,” आजी म्हणाली. “कान देऊन बसले होते मी. उन्हं अंगणात आली... मला वाटलं, येत नाहीस.”

धाकटीनं लस कालवली. दोघी मिळून कोंबड्यांच्या मागं लागल्या. दाणे टाकले, टोपली टाकली, जुनं लुगडं टाकलं. सत्तरीची बाई आणि फाटक्या चपलेची बाई. पोरं जमून हसत होती, त्यांतल्या एकालाही धरू लागावंसं वाटलं नाही. दोन तासांत नऊ कोंबड्या हाताला लागल्या. उरलेली लस धाकटीनं खड्डा करून ओतली आणि वर माती लोटली.

“उद्या येशील?” आजीनं विचारलं.

“बाटली आता पुढच्या आठवड्यात मिळते.”

ती परत आली तेव्हा विहिरीवर मोटार चालू होती. दुपारीच वायरमन नवा डीपी बसवून गेला होता, सांगितल्यापेक्षा दोन दिवस आधी. थोरला चरात उभा राहून पाय धूत होता.

विसाव्या दिवशी लोक आले आणि रोपं घेऊन गेले. थोरल्याची रोपं नेहमीसारखीच देखणी होती, कुणी नाव ठेवलं नाही. त्याच दुपारी धाकटी पुन्हा चालत टेकाडाखाली गेली. खुराड्याचं दार सताड उघडं होतं. अंगणात नऊ कोंबड्या दाणे टिपत होत्या, पोटभर, मोकळ्या जागेत.

“बाकीच्या पुरल्या,” आजी म्हणाली. “शेवटच्या दिवशी खड्डा खणवेना, मग दोन-दोन एका ठिकाणी.” मग मूठभर दाणे फेकत म्हणाली, “त्या त्रेसष्टांचं काही नाही गं. रोग होता, गेल्या. या नऊ बघितल्या की मला राग येतो.” कुणाचा, ते तिनं सांगितलं नाही. धाकटी निघाली तेव्हा या वेळी तिच्या ओंजळीत काही ठेवलं गेलं नाही.

मिस्त्री येऊन गाडी बघून गेला. हेड चिरलंय, पिस्टन आत धरून बसलाय, सुट्या भागांसाठी नेतो म्हणाला. थोरल्यानं कागद काढला आणि सही केली. सही त्याचीच लागत होती. मग त्यानं एक नवल केलं. तो वळला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा धाकटीकडं बघून, तिच्याशीच, बोलला.

“जुनीच होती गाडी.”

थोरलीनं मान वळवली. सवयीनं म्हणाली, “ऐकलंस ना?”

मिस्त्रीच्या दुकानापर्यंत गाडी ढकलत न्यायची होती. होयबा मागून कॅरिअर ढकलत होता, धाकटी हॅन्डल धरून चालत होती. माळ संपून ओढ्याचा उतार सुरू झाला तेव्हा ती थांबली, साडी खोचली आणि सीटवर बसली. गाडी न्यूट्रलमध्ये होती. “सोडा,” ती म्हणाली.

गाडी सुटली. आधी हळू, मग आपली आपण. पाठीवर पदर फुगला. ओढ्याचा गारवा समोरून आला, बाह्यांत शिरला. सगळं होतं, अगदी पूर्वीसारखं होतं. फक्त आवाज नव्हता. साखळीची बारीक टिकटिक, टायरखालची खडी, आणि मागं धावत येणाऱ्या होयबाच्या चपला, एवढं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

या उतारावर तोंड आपोआप उघडायचं. तसं ते उघडलं.

“ॲक्सिलेटर तुमच्या हातात होता,” ती म्हणाली. ओरडली नाही, ओरडायची गरजच नव्हती. पाच वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज तिला ऐकू आला. “ते बादली घेऊन आले तेव्हा तुमचं तोंडही तिकडंच होतं. तुम्हाला माहीत होतं.”

मागून चपला वाजत होत्या. धापा वाजत होत्या. त्यांच्यामधून होयबा म्हणाला,

“होय.”

फरशी आली. गारवा अंगावरून निघून गेला. पलीकडचा चढ सुरू झाला तसा गाडीचा वेग उतरत गेला, उतरत गेला, आणि टिकटिक करत ती जागेवर उभी राहिली. याच चढाला शेळी दमली की धाकटी खाली उतरून हातभार लावायची.

आज ती उतरली नाही. दोन्ही पाय फूटरेस्टवरून काढून तिनं गाडी तोलण्यापुरते खाली टेकवले, हॅन्डल धरलं आणि समोर बघत बसून राहिली. होयबा धापा टाकत येऊन मागं उभा राहिला. तिनं मान वळवली नाही.

“ढकला,” ती म्हणाली.